नखाएवढा पोचा आणि आत सुटलेले थर: विणलेल्या कॉम्पोझिटला मार सोसायला कसं शिकवतात

टेबलावर कार्बन फायबरचा एक काळा, चकचकीत तुकडा आहे. १०० बाय १५० मिलिमीटरचा, ५ मिलिमीटर जाड. त्याच्यावर नुकतंच साडेपाच किलोचं वजन साधारण ६० सेंटिमीटर उंचीवरून सोडलंय. वजनाच्या खालचं टोक अर्धगोल, १६ मिलिमीटर व्यासाचं. जिथे ते आदळलं तिथे नखाएवढा उथळ पोचा आहे. तुकडा उजेडात तिरका धरला तरच तो दिसतो. बोट फिरवलं तर जेमतेम जाणवतो.

आता एक नाणं घ्या आणि कडेपासून टकटक करत पोच्याकडे या. कडेला आवाज खणखणीत येतो. पोच्याजवळ आलं की तो बद्द होतो, आणि हा बद्द आवाज पोच्याच्या कितीतरी पट मोठ्या वर्तुळात पसरलेला असतो.

असा तुकडा मी पहिल्यांदा हिऱ्याच्या पात्याने मधोमध कापला, कड घासून गुळगुळीत केली आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तेव्हा बराच वेळ त्यावरून नजर हटली नाही. वरचे थर जवळपास शाबूत होते. त्यांच्याखाली तिरके तडे सुरू झाले होते. प्रत्येक तडा दोन थरांच्या सीमेवर पोचला की आडवा वळायचा, थोडं अंतर थरांमधून जायचा आणि पुन्हा खाली उतरायचा, अगदी जिन्यासारखा. जसजसं खाली जावं तसतसा पसारा रुंद होत गेलेला. मोडलेले धागे सापडले ते थेट तळाशी, आणि तेही मोजकेच. बाकी सगळा नाश झाला होता तो धाग्यांच्या मधल्या जागेत.

या विषयाचं सगळं मर्म त्या मधल्या जागेत आहे.

कॉम्पोझिट म्हणजे मजबूत धागे आणि त्यांना धरून ठेवणारं रेझिन. कार्बनचा एक तंतू ५ ते ७ मायक्रॉन जाडीचा असतो, म्हणजे माणसाच्या केसाच्या साधारण दहावा भाग. असे हजारो तंतू एकत्र करून दोरा होतो, दोऱ्यांचं कापड विणतात, कापडाचे थर एकावर एक रचतात आणि त्यांत इपॉक्सीसारखं रेझिन मुरवून गरम करून घट्ट करतात. कापडाचा एक थर घट्ट झाल्यावर सुमारे पाव मिलिमीटरचा होतो. म्हणजे आपल्या तुकड्यात वीसेक थर आहेत.

ताणा आणि बाणा, म्हणजे उभे आणि आडवे धागे, हे दोन्ही कापडाच्या पातळीत असतात. त्या दोन दिशांना हा तुकडा वजनाच्या मानाने पोलादापेक्षाही सरस ठरतो. पण तिसऱ्या दिशेला, वरून खाली, एकही धागा नाही. तिथे थराला थर धरून ठेवतं ते फक्त रेझिन, आणि त्याची ताकद धाग्यांच्या तुलनेत नगण्य. मार नेमका त्याच दिशेने येतो.

आघात होतो तेव्हा तुकडा वाकतो. वाकताना थर एकमेकांवरून सरकू पाहतात. जाड पुस्तक वाकवलं की पानांच्या कडा कशा तिरक्या होतात, तसं. रेझिन हे सरकणं रोखतं, त्यामुळे त्याच्यावर ताण येतो. आधी रेझिनला तिरका तडा जातो. तो पुढच्या थराच्या धाग्यांना अडतो आणि सगळ्यात सोपी वाट पकडतो: दोन थरांच्या मधली. याला डिलॅमिनेशन म्हणतात, साध्या शब्दांत थर सुटणं. तळाच्या थरावर सगळ्यात जास्त ओढ असते, म्हणून शेवटी धागे तुटतात ते तिथेच. धातूचं वागणं वेगळं असतं. ॲल्युमिनियमच्या पत्र्याला तोच मार दिला तर त्यात चांगला खोल पोचा पडेल आणि पत्रा बिचारा सगळं वरच दाखवून देईल. कार्बन तसा वाकून राहत नाही. तो एक तर परत सरळ होतो, नाहीतर मोडतो.

थर सुटले तर बिघडतं काय, धागे तर शाबूत आहेत ना? ओढून पाहिलं तर खरंच फार बिघडत नाही. दाबून पाहिलं की कळतं. पट्टीचा वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनावर अवलंबून असतो. ५ मिलिमीटरच्या एकसंध पट्टीचे समान जाडीचे ४ सुटे पदर झाले, तर प्रत्येक पदराचा ताठपणा मूळच्या चौसष्टाव्या भागाएवढा राहतो. चारही मिळून होतात सोळावा भाग. दाब आला की हे पातळ पदर बाहेर फुगतात आणि भाग मोडतो. म्हणूनच प्रयोगशाळेत नुसतं वजन पाडून थांबत नाहीत. मार खाल्लेला तोच तुकडा नंतर कडेने दाबतात आणि किती भार पेलतो ते मोजतात. वर सांगितलेली मापं अमेरिकेच्या एएसटीएम संस्थेच्या मानकातली आहेत. त्यात जाडीच्या दर मिलिमीटरला ६.७ ज्यूल ऊर्जा देतात, म्हणजे ५ मिलिमीटरला साडेतेहतीस. हातातून सुटलेलं अवजारसुद्धा या हिशेबाच्या आसपास पोचू शकतं.

सुधारणेकडे वळण्याआधी एक घोळ दूर करायला हवा. ‘आघात सोसणं’ या एका शब्दाखाली तीन वेगळ्या मागण्या दडलेल्या असतात. पहिली: मार बसला तरी आत काही मोडू नये. दुसरी: मोडलं तरी उरलेल्या भागाने भार पेलावा. तिसरी: मोडावं, भरपूर मोडावं, पण ऊर्जा गिळून टाकावी. विमानाच्या पंखाला पहिल्या दोन हव्या असतात. मोटारसायकलच्या हेल्मेटच्या कवचाला तिसरी हवी असते. तिथे थर सुटणं, धागे तुटणं हे कवचाचं काम आहे, कारण जी ऊर्जा कवच मोडण्यात खर्ची पडली ती डोक्यापर्यंत जात नाही. एकाला जे औषध ते दुसऱ्याला मारक ठरू शकतं. ‘आमचं मटेरियल इम्पॅक्टला दुप्पट चांगलं आहे’ असं कोणी म्हणालं की माझा पहिला प्रश्न असतो, तीनपैकी कोणत्या अर्थाने?

वेगाचाही असाच प्रश्न आहे. जड वस्तू हळू आदळली तर सगळा भाग वाकायला वेळ मिळतो आणि ऊर्जा पसरते. हलकी वस्तू प्रचंड वेगाने आली तर बाकीच्या भागाला पत्ता लागायच्या आत आदळल्या जागी जे व्हायचं ते होऊन जातं. शिवाय ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. २००३ च्या जानेवारीत कोलंबिया यानाच्या उड्डाणावेळी बाहेरच्या टाकीवरचा फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखाच्या पुढच्या कडेवर आदळला. ती कड कार्बन धाग्यांची आणि त्यांना धरणाऱ्या कार्बनचीच, म्हणजे उष्णतेला पक्की पण ठिसूळ. १ फेब्रुवारीला परतताना यान कोसळलं आणि कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर गेले. त्याच वर्षी जुलैमध्ये चौकशीत तशाच कडेवर पाऊण किलोचा फोम सेकंदाला सुमारे २३६ मीटर वेगाने मारून पाहिला. चाळीसेक सेंटिमीटरचं भगदाड पडलं. हिशेब केला तर ती ऊर्जा २१ हजार ज्यूलच्या घरात जाते. हाताने दाबला तर चेपणाऱ्या फोमचं हे काम.

धागा कोणता आणि कुठे

सुधारणेचा सर्वात सरळ मार्ग म्हणजे धागा बदलणं. कार्बन ताठ आणि बळकट आहे, पण दीड-दोन टक्के ताणला की तुटतो. ग्लास फायबर त्याच्या दुपटीहून जास्त ताण सहन करतं. अरॅमिड, म्हणजे केवलारच्या जातीचे धागे, तुटताना तंतू-तंतू होऊन चिरफळतात आणि त्यात पुष्कळ ऊर्जा खातात. (केवलारचा शोध ड्यूपाँटमध्ये स्टेफनी क्वोलेक यांनी १९६५ मध्ये लावला.) अतिलांब साखळीच्या पॉलिइथिलीनचे धागे तर पाण्यापेक्षा हलके असतात. मग सगळं अरॅमिडचंच का करत नाहीत? कारण अरॅमिड दाबाला कमकुवत आहे, ओलावा शोषतं आणि कापता कापता जीव नकोसा करतं. पॉलिइथिलीनला उष्णता सोसत नाही आणि रेझिन त्याला धड चिकटत नाही. ग्लास जड आहे, ताठपणात कार्बनच्या बराच मागे.

म्हणून मिश्रण करतात, त्याला हायब्रिड म्हणतात. पूर्ण थर आलटून पालटून लावता येतात, किंवा एकाच कापडात ताणा कार्बनचा आणि बाणा ग्लासचा घेता येतो. इथे प्रमाणाइतकीच जागाही महत्त्वाची असते. मार वरून येणार हे ठाऊक असेल तर तळाला सगळ्यात जास्त ताण येणार. तिथे जास्त ताणला जाणारा ग्लास किंवा अरॅमिडचा थर ठेवला, तर कार्बन तुटला तरी भाग एकत्र राहतो, तुकडे उडत नाहीत. वाकण्याला विरोध करायचा ताठपणा बाहेरच्या थरांतून येतो, त्यामुळे कार्बन आत ढकलला की ताठपणा घटतो. ही किंमत द्यावीच लागते.

वीण

विणलेल्या कापडाची जन्मजात जमेची बाजू अशी की धागे एकमेकांत अडकलेले असतात. सगळे धागे एकाच दिशेला असलेल्या टेपच्या थरांमध्ये तडा एकदा घुसला की धाग्यांच्या कडेने लांबवर धावत सुटतो. कापडात त्याला दर काही मिलिमीटरला ताणा-बाण्याची गाठ आडवी येते, आणि पृष्ठभाग नागमोडी असल्यामुळे वाटही सरळ मिळत नाही. म्हणून तेवढ्याच माराला कापडात थर सुटण्याचं क्षेत्र बहुधा लहान राहतं.

याचाही तोटा आहे. धागा वरखाली जातो म्हणजे त्याला बाक येतो, आणि बाक आलेला धागा दाबाला लवकर शरण जातो. साध्या विणीत, जिथे धागा एकावरून एकाखालून जातो, गाठी सर्वात जास्त आणि बाकही सर्वात जास्त. सॅटिन विणीत धागा चार किंवा सात धाग्यांवरून जाऊन एकाखाली उतरतो, त्यामुळे बाक कमी, ताठपणा जास्त, आणि कापड वळणदार साच्यावर छान बसतं. ट्विल या दोहोंच्या मधलं. भागाचं काम पाहून वीण निवडावी लागते. दिसायला छान म्हणून ट्विल घेणारेही पुष्कळ आहेत, आणि जिथे मार बसण्याचा संभव नाही तिथे त्याला माझी हरकत नाही.

पण कितीही चांगली वीण घेतली तरी थराला थर जोडायला रेझिनच उरतं. मग तिसऱ्या दिशेलाच धागा घातला तर? या प्रश्नामागे विमानाच्या इंजिनाचा अर्धशतकाचा इतिहास आहे. रोल्स-रॉइसने आरबी२११ इंजिनासाठी कार्बन फायबरची पंख्याची पाती केली होती. वजन खूप वाचणार होतं. १९७० मध्ये पक्षी आदळण्याच्या चाचणीत ती पाती टिकली नाहीत आणि कंपनीला टायटॅनियमकडे वळावं लागलं. त्या इंजिनाच्या वाढत्या खर्चाने १९७१ च्या फेब्रुवारीत कंपनीचं दिवाळं निघालं. पाती हे त्यामागचं एकमेव कारण नव्हतं, पण कॉम्पोझिटच्या पात्यांवरचा विश्वास उडाला तो बराच काळ. १९९५ मध्ये जीई९० इंजिन सेवेत आलं तेव्हा कॉम्पोझिट पाती परतली. यावेळी इपॉक्सी चिवट केलेलं होतं आणि पुढच्या कडेला टायटॅनियमची पट्टी होती, म्हणजे पहिला तडाखा धातू घेणार. २०१६ मध्ये सेवेत आलेल्या लीप इंजिनात आणखी एक पाऊल टाकलं गेलं. तिथे पात्याचं कार्बन कापड थरांचं नसतंच. जाडीच्या आरपार जाणाऱ्या धाग्यांसकट ते एकसंध विणतात, साच्यात ठेवतात आणि दाबाने रेझिन भरतात. जिथे थरच नाहीत तिथे सुटणार काय? मला हे या क्षेत्रातलं सर्वात देखणं उत्तर वाटतं. मात्र असं विणकाम करायला खास माग लागतात, पैसा लागतो, आणि आरपार धाग्यांना जागा द्यायची तर पातळीतले धागे कमी होतात.

ज्यांना तो माग परवडत नाही त्यांच्यासाठी शिवण आहे. रचलेले कोरडे थर जाड दोऱ्याने शिवून घ्यायचे आणि मग रेझिन भरायचं. दुसरी युक्ती म्हणजे झेड-पिन: अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून बारीक कडक काड्या कच्च्या थरांमध्ये उभ्या खुपसतात, खिळे ठोकावेत तशा. भागाच्या आकारमानाच्या एक-दोन टक्के एवढ्याच काड्या असल्या तरी थर सुटणं लांबवर पसरत नाही. तडा सुरू होणं त्या थांबवत नाहीत, त्याला पुढे सरकू देत नाहीत. आणि प्रत्येक काडीभोवती धागे बाजूला सरतात, डोळ्याच्या आकाराची, नुसत्या रेझिनने भरलेली जागा राहते, पातळीतली ताकद घटते. म्हणून सरसकट सगळीकडे पिन मारणं हा मला आळस वाटतो. जोडाजवळ, कडेला, जिथे थर संपतात तिथे त्या शोभतात.

रेझिन आणि थरांमधली फट

साधं इपॉक्सी मजबूत असतं, चिवट नसतं. मजबुती म्हणजे मोडेपर्यंत किती भार घेतला; चिवटपणा म्हणजे तडा गेल्यावर तो पुढे सरकवायला किती ऊर्जा मोजावी लागली. ठिसूळ इपॉक्सीने जोडलेले कार्बनचे थर सोलत जायला दर चौरस मीटरला साधारण १०० ते ३०० ज्यूल पुरतात. पीईईके (उच्चार ‘पीक’) यासारख्या थर्मोप्लास्टिकमध्ये, म्हणजे तापवलं की वितळणाऱ्या प्लास्टिकमध्ये, हाच आकडा हजाराच्या वर जातो. थर्मोप्लास्टिक तडा जाण्याआधी लांबतं, ओढलं जातं, आणि त्यात ऊर्जा संपते. पण ते वितळवायला जवळपास ४०० अंश सेल्सियस तापमान लागतं, वितळल्यावरही घट्ट राहतं, धाग्यांमध्ये सहज मुरत नाही.

मधला मार्ग म्हणजे इपॉक्सीत रबराचे सूक्ष्म कण मिसळणं. तड्याच्या टोकाशी हे कण ताणले जातात, त्यांच्याभोवती इपॉक्सी थोडी वाहते आणि तड्याची धार बोथट होते. मात्र नुसत्या इपॉक्सीत मोजलेला फायदा कापडात पूर्ण उतरत नाही. दोन तंतूंमध्ये मोजके मायक्रॉन जागा. रेझिनला ताणायला वावच कुठे असतो?

यावरून पुढची युक्ती निघाली: चिवटपणा सगळीकडे वाटण्याऐवजी जिथे थर सुटतात त्याच फटीत भरायचा. बोइंग ७७७ च्या शेपटीच्या कॉम्पोझिटमध्ये थरांच्या मधोमध थर्मोप्लास्टिकचे कण ठेवलेले आहेत. त्यामुळे दोन थरांत एक पातळ, चिवट पदर तयार होतो. याचंच स्वस्त रूप म्हणजे नायलॉनसारख्या पदार्थाचं जाळीदार पातळ कापड थरांमध्ये अंथरणं. वजन चौरस मीटरला मोजके ग्रॅम. तडा त्यातून जाताना बारीक तंतूंना ताणून तोडावं लागतं. माझ्या मते लहान कारखान्याला परवडणाऱ्या उपायांत हा पहिल्या क्रमांकाचा आहे, कारण ना माग बदलावा लागतो ना रेझिन.

काहीही न बदलता फक्त रचना बदलूनही बरंच साधतं. एकाच दिशेचे चार-पाच थर लागोपाठ ठेवले की त्यांचा एक जाड ठोकळा होतो आणि त्याच्या सीमेवर मोठा तडा पसरतो. दिशा विखुरल्या की अनेक लहान तडे जातात. मँटिस श्रिंप नावाचा समुद्री जीव शिंपले फोडायला हातोड्यासारखा अवयव वापरतो, त्याचा वेग सेकंदाला २३ मीटरपर्यंत मोजला गेलाय. त्या हातोड्याच्या आत तंतूंचा प्रत्येक थर आधीच्यापेक्षा किंचित वळवलेला असतो, गोल जिन्याच्या पायऱ्यांसारखा. तड्याला सरळ वाट मिळत नाही, तो फिरत राहतो. कॉम्पोझिटमध्ये हीच रचना करून पाहिली जाते आणि ती मार सोसते. फक्त एवढ्या कोनांत कापड कापायचं तर वाया जाणारा कपडाही वाढतो.

आणखी एक गोष्ट सुरुवातीला उलटी वाटते. धागा आणि रेझिन जितके घट्ट चिकटतील तितकं चांगलं, असा समज असतो. पंखासाठी तो बऱ्याच अंशी खरा आहे. पण गोळी अडवणाऱ्या पॅनेलमध्ये रेझिन मुद्दाम कमी ठेवतात आणि चिकटही बेताचाच ठेवतात. धाग्यांना रेझिनमधून सुटून लांबवर ताणलं जाण्याची मुभा मिळते, गोळीची ऊर्जा अनेक धाग्यांत वाटली जाते. तेच पॅनेल भार पेलायला ठेवलं तर निरुपयोगी ठरेल. धाग्यावर कारखान्यात चढवलेला जो पातळ लेप असतो, ज्याला साइझिंग म्हणतात, त्यावर हा चिकट बराचसा ठरतो. कापड घेताना त्याचा लेप आपल्या रेझिनशी जुळतो का हे विचारलं नाही, तर पुढचे सगळे उपाय पाण्यात जाऊ शकतात. आणि आत हवेचे बुडबुडे राहू दिले तर तड्याला सुरू व्हायला आयती जागा मिळते. विमानाच्या भागांत एक-दोन टक्क्यांहून जास्त पोकळी म्हणूनच चालवून घेत नाहीत.

एवढं करूनही मार बसतोच. तुमच्या सायकलची कार्बन फ्रेम, होडीचं कवच, ड्रोनची भुजा असं काही आदळलं असेल तर पोच्यावर नजर ठेवून निश्चिंत होऊ नका. आतली, म्हणजे मागची बाजू दिसत असेल तर ती आधी पाहा, चिरा तिथे पहिल्यांदा उघडतात. मग नाणं घेऊन लांबून पोच्याकडे टकटक करत या. पातळ भागात आवाजातला फरक कानाला लगेच कळतो. जाड भागात खोलवर सुटलेले थर नाण्याला सापडत नाहीत, तिथे अल्ट्रासाउंडच हवा. आवाज जिथे बदलतो तिथे खडूने खूण करा, चारही बाजूंनी तसं करत वर्तुळ पुरं करा, आणि तपासणी होईपर्यंत त्या भागावर भार टाकू नका.